मानपत्र लिहायचंय? आधी वाडीत फिरा

करोनाच्या दिवसांत गावासाठी राबलेल्या मौलानांचा, बुवांचा किंवा फादरांचा सत्कार करायचा ठरला, की हॉल, माइक, शाल-श्रीफळ हे कुठलंही मंडळ एका बैठकीत उरकतं. तारीख मात्र सत्कारमूर्तींना विचारूनच घ्या. मौलानांना शुक्रवारची दुपार जमणार नाही, फादरांना रविवारची सकाळ. १ ऑगस्टनंतर होड्या सुटतात, तेव्हा कोळीवाड्यातली निम्मी माणसं दर्यावर असतात, हेही लक्षात ठेवा.

खरं अडतं ते मानपत्रापाशी. 'करोनायोद्धा, सेवाव्रती, मानवतेचे पुजारी' हा तयार मजकूर नाव बदलून शेजारच्या गावातही चालतो. तो अजिबात घेऊ नका. माणसाने काय केलं ते लिहा.

ते त्यांना स्वतःला विचारून कळणार नाही. "अल्लाने करून घेतलं" म्हणून ते चहा पुढे करतील. आशाताईंना विचारा, रिक्षावाल्याला विचारा, कब्रस्तानात खड्डा खणणाऱ्यांना विचारा, मे २०२० मध्ये शाळेत चौदा दिवस राहिलेल्या चाकरमान्यांना विचारा. आमच्या किराणा दुकानदाराने उधारीची जुनी वही काढली. त्यात पानोपानी 'मौ. साहेब, तांदूळ २५, डाळ ५, तेल' अशा ओळी होत्या.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. "कधी?" असं विचारूच नका. "वादळाआधी की नंतर?" असं विचारा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० चं, त्या वर्षीचे गणपती २२ ऑगस्टचे, देवळं-मशिदी उघडल्या त्या १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. कोकणातली आठवण या खुंट्यांना बरोबर अडकते. मग "वादळानंतर लाइट नव्हती तेव्हा मशिदीच्या जनरेटरवर साऱ्या वाडीचे मोबाइल चार्ज झाले" असं वाक्य हाती लागतं. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं, तरच ते कागदावर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या मानपत्रात मी धान्य मिळालेल्या घरांची नावं घातली आणि माइकवर वाचली. तिसऱ्या रांगेतल्या एक वहिनी मुलाचा हात धरून उठल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या नवऱ्याचा मुंबईतला पगार बंद झाला होता. मौलाना रात्री नऊनंतर पडवीत पिशवी ठेवून जायचे ते कुणाला कळू नये म्हणूनच, आणि मी ते गावासमोर वाचलं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर वहिनींनी दार उघडलं नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: घेणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, ओळखू येईल अशी खूणही नाही. 'वाडीतली चौदा घरं' एवढं पुरतं. कुणाच्या दफनाचा किंवा अंत्यसंस्काराचा उल्लेख असेल, तर त्या घरी आधी जाऊन ती ओळ वाचून दाखवा. नको म्हणाले तर ती ओळ काढा. कार्यक्रम उद्यावर आला असला तरी काढा.

कच्चा मजकूर सत्कारमूर्तींनाही ऐकवा. ते जे खोडतील ते खोडू द्या. बहुधा विशेषणंच जातात.

वाचन चार मिनिटांच्या आत संपवा. फ्रेमची मागची बाजू टेपने नीट बंद करून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्या आणि पोच घ्या.