कुकरची वाफ कुठून जाते, कुठे अडते

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, तापमान तिथेच थांबतं. वाढते ती फक्त वाफ. कुकर ती वाफ कोंडून ठेवतो, त्यामुळे आतला दाब चढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही चढतो. घरगुती कुकर साधारणपणे बाहेरच्या हवेपेक्षा १ बार (बार हे दाब मोजायचं एकक; १ बार म्हणजे जवळजवळ हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) जास्त दाब धरतात. तेवढ्या दाबाला पाणी १२१ अंशांच्या आसपास उकळतं. फरक वीस अंशांचा, पण कडधान्यं निम्म्याहून कमी वेळात शिजतात.

हा दाब शिट्टी ठरवते. शिट्टी म्हणजे नळीच्या भोकावर बसवलेलं वजन. भोक ४ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर १ बार दाबाची वाफ साधारण १२८ ग्रॅमचं वजन उचलते. दाब त्यापुढे गेला की शिट्टी वर होते, वाफ सुटते, शिट्टी खाली बसते. हाच दाब २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाला मात्र सुमारे ३२० किलोच्या जोराने ढकलत असतो. म्हणून वाफ आत असताना झाकणाशी झटापट करायची नाही. आणि एका कुकरची शिट्टी दुसऱ्याला ‘बसते’ म्हणून चालवायची नाही. भोक किंवा वजन वेगळं असेल तर दाबही बदलतो.

कुकर लावण्याआधी दर वेळी झाकण उजेडाकडे धरा. नळीतून आरपार दिसलं पाहिजे. डाळीचं एवढंसं साल आत चिकटलं तरी वाट बंद होते. बारीक तार फिरवा, मग नळाखाली धरा. रबरी रिंग बोटांनी वाकवून पाहा: कडक झाली असेल, चिरा दिसत असतील किंवा खोबणीत सैल बसत असेल तर बदला. रिंग फ्रीजमध्ये ठेवून आवळून घेण्याची युक्ती एखाद्या दिवसापुरती ठीक. तिची गरज पडली म्हणजे रिंग संपली.

भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळ, तांदूळ, कडधान्यं असतील तर अर्ध्यावरच थांबा, कारण ती फुगतात आणि फेस धरतात. तो फेस थेट नळीत जातो. डबे लावणार असाल तर डब्यातलं पाणी हिशेबात धरू नका. जाळीखाली, कुकरच्या तळाशी निदान २५० मिलिलिटर पाणी हवं. मोठ्या कुकरला किंवा बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थाला त्याहून जास्त. प्रत्येक शिट्टीबरोबर त्यातलं थोडं पाणी उडून जातं.

झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवू नका. नळीतून वाफेची सलग धार येऊ द्या, मग ठेवा. आतली हवा तेवढ्यात निघून जाते (हवा उरली तर त्याच दाबाला तापमान कमी भरतं), आणि नळी मोकळी असल्याची खात्रीही होते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. शिट्ट्या मोजण्यात खरं तर अर्थ नाही. मोठ्या आचेवर त्या भराभर होतात, बारीक आचेवर उशिरा. पदार्थाला दोन्हीकडे तापमान तेच मिळतं, मोठ्या आचेवर गॅस आणि पाणी तेवढं जास्त जातं.

वाफ आपोआप जिरू द्या. घाईने झाकण उघडलं तर काय होतं पाहा: आत १२१ अंशांचं २ लिटर पाणी असेल आणि दाब एकदम गेला, तर त्यातल्या साधारण ८० ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते, म्हणजे जवळजवळ १३० लिटर वाफ. ती उकळता रस सोबत घेऊनच उसळते. वाफ जिरल्यासारखी वाटली की शिट्टी चिमट्याने किंचित उचलून पाहा. फस्स आवाज करत वाफ आली तर सोडून द्या आणि थांबा. कुकर पूर्ण गार होऊनही झाकण हलत नसेल तर आत पोकळी तयार झालेली असते; शिट्टी काढली की हवा आत जाते आणि झाकण सुटतं.

कडेने वाफ येत असेल तर आधी गॅस बंद करून वाफ जिरू द्या. मग रिंग आणि भांड्याचा काठ पाहा. काठावर चिकटलेला एखादा दाणाही पुरतो. शिट्टीतून पाणी उडत असेल तर भांडं जास्त भरलंय किंवा आच मोठी आहे. सगळ्यात वाईट म्हणजे शांत कुकर: बराच वेळ झाला, कडेने गळत नाही आणि शिट्टीही होत नाही. नळी तुंबलेली असू शकते. गॅस बंद करा, कुकर न हलवता गार होऊ द्या, शिट्टीला हात लावू नका.

अशा वेळी शेवटची वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. बऱ्याच कुकरमध्ये त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. नळी तुंबली किंवा पाणी आटून कुकर कोरडा तापला की तो वितळतो आणि वाफ बाहेर पडते. एकदा उडालेला व्हॉल्व्ह पुन्हा वापरता येत नाही. त्याच मॉडेलचा नवा बसवा, भोक स्क्रूने किंवा एम-सीलने बुजवू नका. आणि कोरडा तापलेला कुकर गार करायला त्यात पाणी ओतू नका: पाण्याची भपकन वाफ होऊन हात भाजतो, तळही वाकडा होऊ शकतो.