पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी
कॉपी पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी माहितीचा काही भाग संगणकाच्या मेमरीतच असू शकतो आणि त्याच क्षणी पेनड्राइव्ह उपसल्यास फाइल अर्धवट राहते, क्वचित संपूर्ण ड्राइव्हच उघडेनासा होतो. म्हणून उघड्या फाइली बंद करून विंडोजमध्ये टास्कबारच्या उजव्या टोकाच्या यूएसबी चिन्हावरून ‘इजेक्ट’ निवडावे. मॅकवर फाइंडरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढचे इजेक्टचे चिन्ह दाबावे. ड्राइव्ह वापरात असल्याचा संदेश आल्यास बहुधा एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी ठेवलेली असते. तो सापडलाच नाही, तर संगणक बंद करून मगच ड्राइव्ह काढावा, ओढून मात्र कधीही काढू नये. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर इजेक्ट केल्यानंतरही तबकडीचा आवाज थांबेपर्यंत ती जागची हलवू नये.