फाउंडर मेंबर बँड सोडून गेलाय आणि अल्बम अर्धवट आहे? या चुका टाळा

आमच्या ठाण्याच्या बँडची सुरुवात ज्याने केली तो गिटारिस्ट दादा नोकरीसाठी परदेशात गेला तेव्हा सहा गाणी अर्धी रेकॉर्ड झाली होती, आणि पहिली चूक आम्ही लगेच केली, डिट्टो त्याच्यासारखा वाजवणारा शोधत बसलो. ऐरोली, वाशी, नेरूळहून पोरं गिटार पाठीला लावून नौपाड्यातल्या जॅमपॅडवर, म्हणजे भाड्याच्या प्रॅक्टिस रूमवर, यायची, आम्ही त्यांना दादाचेच सोलो वाजवायला लावायचो. तीन महिने गेले त्यात. १९७५ ला सिंगर पीटर गॅब्रिएल जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडमधून गेला तेव्हा त्यांनीही कितीतरी सिंगर ऐकले, शेवटी ड्रमर फिल कॉलिन्सच गायला. आधी घरात बघा कोण काय करू शकतं.

दुसरी चूक फाइल्सची, आणि ही खूप छळते. सगळे सेशन दादाच्या लॅपटॉपवर, त्याने घाईत ट्रॅक पाठवले, आम्ही उघडले तर गिटार फास्ट आणि चढ्या सुरात, दोन रात्री ट्यूनिंगला शिव्या घातल्या. ट्रॅकचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, होता ४४.१ किलोहर्ट्झ, आमच्या प्रोजेक्टचा ४८, कन्व्हर्ट न करता टाकले की स्पीड साधारण ९ टक्के वाढतो आणि सूर जवळपास दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो. तर माणूस जायच्या आधीच प्रत्येक ट्रॅक वेव्ह (WAV) फाइलमध्ये, गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढून घ्या, सोबत टेम्पो आणि सॅम्पल रेट लिहून ठेवा.

नवीन सिंगरचा आवाज वर ताणला जात असेल तर रेकॉर्ड केलेली गिटार सॉफ्टवेअरने खाली ओढू नका, मोकळ्या तारांची गुंज मरते. गिटार एक स्वर खाली लावा, तारा ढिल्या वाटल्या तर जाड सेट टाका आणि परत वाजवा. कंटाळा येतो पण फरक लगेच कळतो.

क्रेडिटचं तोंडी ठेवू नका प्लीज. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल, रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे आहेत आणि ते दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी लागतं, बँड सोडला म्हणून चालीतला वाटा जात नाही. मैत्री टिकवायची असेल तर हे रिलीजच्या आधी बोला.

आणि रागात गेलेल्या माणसाचे टेक, म्हणजे त्याने रेकॉर्ड केलेलं वादन, डिलीट करू नका. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने १९६८ मध्ये त्यांचा फाउंडर मेंबर सिड बॅरेट बँड सोडून गेल्यावर आलेल्या अल्बमच्या शेवटी त्याचंच गाणं ठेवलं होतं. आमच्या चौथ्या गाण्याआधी दादाचा "एक, दोन, तीन, चार" ऐकू येतो, मागे जॅमपॅडच्या पंख्याची घरघर पण आहे, मिक्सवाला काढू म्हणत होता, आम्ही नाही काढू दिली.