हाडं, सांधे आणि स्नायू स्वतःच्या अंगावर कसे शिकायचे

नर्सिंग असो, फिजिओ असो, योगा टीचरचा कोर्स असो नाहीतर जिम ट्रेनरचं सर्टिफिकेट, सुरुवातीलाच ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, समोर येते आणि बहुतेक मुलं काय करतात तर चार्ट भिंतीला लावून नावं घोकत बसतात. कळव्याला माझ्याकडे अशी मुलं-मुली येतात, त्यांना मी सुरुवातीला पुस्तक उघडू देतच नाही. आधी हात लावून शोधायचं, मग ते हलवून बघायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. हाच क्रम ठेवा, खरंच खूप सोपं जातं.

तयारी फार नाही. नखं कापलेली हवीत, हाफ पॅन्ट आणि बिनबाह्यांचा टीशर्ट, आणि धुतलं की जाणारं स्केचपेन. आपल्याकडे घाम एवढा असतो की आधी टॉवेलने पुसून घ्या नाहीतर रेघ उमटत नाही. बोटांच्या टोकांनी हळू दाबायचं, आणि दुसऱ्याच्या अंगावर शोधत असाल तर आधी विचारायचं, हे मैत्रिणीलाही लागू आहे. कुठे सूज असेल, दुखत असेल तर ती जागा सोडा.

आकड्याला घाबरू नका. मोठ्या माणसात साधारण 206 हाडं असतात, बाळात त्याहून जास्त, कारण पुढे काही जुळून एक होतात. पण या 206 मधली 106 फक्त हाताच्या पंजात आणि पावलात आहेत, एका हातात 27 आणि एका पावलात 26, म्हणजे उरली शंभर आणि त्यातलीही बरीच डावी-उजवी सारखीच.

सुरुवात कॉलरबोनपासून करा. गळ्याच्या खळग्यापासून बोट बाहेर सरकवत खांद्याच्या टोकापर्यंत न्या, तिथे एक छोटा उंचवटा लागेल, तसंच पुढे मागच्या बाजूला गेलात की खांद्याच्या फऱ्याची आडवी कड लागते, तो स्कॅप्युला. आता बोट कॉलरबोनवरच ठेवून तोच हात डोक्यावर न्या. कॉलरबोनही वर उचलली जाते ना? म्हणजे हात वर जातो तेव्हा एकटा खांद्याचा सांधा काम करत नाही, फराही फिरतो आणि कॉलरबोनही. हे एकदा बोटाखाली कळलं की फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडलेला, पेशंट हात वर करताना सगळा खांदाच का उचलतो ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कोपर माझं सगळ्यात आवडतं. मागे तीन टोकं शोधा, मधलं टोकदार आणि दोन बाजूंची दोन. हात सरळ असताना तिन्ही एका रेषेत येतात, काटकोनात वाकवला की त्रिकोण होतो. पेनने ठिपके काढूनच बघा. कोपराला मार लागलेल्या पेशंटमध्ये हा त्रिकोण बिघडलाय का हे डॉक्टर बघतात, कारण सांधा निखळला तर तो बिघडतो आणि हाड कोपराच्या वर मोडलं असेल तर बहुधा तसाच राहतो. आतल्या टोकाच्या मागून अल्नर नस जाते, तिथे जोरात दाबू नका, करंगळीपर्यंत मुंग्या येतील.

मग स्नायू. कोपर काटकोनात वाकवा, तळवा खाली ठेवा, दुसरा हात दंडावर. आता कोपर तसंच ठेवून तळवा जोर लावून वर फिरवा, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. दंड टणक झाला! कोपर तर काटकोनापेक्षा जास्त वाकलंही नाही. कारण दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स, खाली अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, रेडियसला चिकटलेला आहे आणि तळवा फिरतो तेव्हा तेच हाड फिरतं. प्रत्येक स्नायूला हेच तीन प्रश्न विचारा, निघतो कुठून, संपतो कुठे, मधे कुठला सांधा ओलांडतो. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, त्यामुळे ही तीन उत्तरं आली की त्याचं काम काय ते तुम्हीच सांगाल, पाठ करायची गरज नाही.

पोटरीवर हे अजून छान दिसतं. भिंतीला हात टेकवा, एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, ताण पोटरीच्या वरच्या भागात येतो. टाच न उचलता गुडघा वाकवला की ताण खाली सरकतो. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून निघतो म्हणून गुडघा वाकला की सैल पडतो, त्याच्या आतला सोलियस फक्त घोटाच ओलांडतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून जाता ना, गाडी हलली की पोटऱ्या कशा घट्ट होतात तिकडे लक्ष द्या.

गुडघ्याची वाटी पाय लांब करून, मांडी एकदम सैल सोडून हलवा, बाजूला सरकते. मांडी आवळली की जागच्या जागी घट्ट. ती मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनमध्येच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतच, बसलेली आहे आणि विहिरीवरच्या रहाटासारखी ओढ सोपी करते. हा स्नायू, क्वाड्रिसेप्स, स्टेशनचा पूल चढताना तर काम करतोच पण उतरताना लांब होत होत वजन पेलतो, म्हणून येऊरच्या डोंगरावर फिरून खाली उतरलात की दुसऱ्या दिवशी मांड्या जास्त धरतात.

घोट्याला दोन उंचवटे, आतला टिबियाचा, म्हणजे नडगीच्या हाडाचा, बाहेरचा त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचा, फिब्युलाचा. बाहेरचा जरा खालपर्यंत येतो म्हणून पाऊल बाहेर कमी आणि आत जास्त वळतं, आणि पावसात पेव्हर ब्लॉकवर मुरगळतं तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीला, लागतं.

पाठीचं थोडक्यात सांगते, मान पुढे वाकवली की तळाशी सगळ्यात वर आलेला मणका बहुतेक सातवा. मानेचे 7, त्याखाली बरगड्यांचे 12, कमरेचे 5. दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवले की त्या रेषेत साधारण कमरेचा चौथा मणका येतो, मणक्यात इंजेक्शन देताना हीच खूण वापरतात.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाड हातात देऊन डावं की उजवं विचारतात. फीमर, म्हणजे मांडीचं हाड, मिळालं तर गोल डोकं वर, दोन मोठे गोळे खाली, खरखरीत उभी रेघ मागे, असं धरून स्वतःच्या मांडीशेजारी न्या, ज्या पायाला डोकं आतल्या बाजूला, खुब्याच्या खोबणीकडे वळतं त्या बाजूचं ते हाड.