बाळाला बोलतं करायचं असेल तर 'म्हण, म्हण' बंद करा

सगळ्यात आधी कान. जन्मापासून १ महिन्यात श्रवणचाचणी, शंका आली तर ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान, दोष निघाला तर ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. टाळी वाजवल्यावर बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका. बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतात की नाही हे त्यावरून कळत नाही.

पहिले सहा महिने सोपे आहेत. न्हाऊ-माखू घालताना चेहरा समोर ठेवून, लाडिक सुरात बोलत राहा.

भाषा कुठली? ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात आणि रागावताही येतं, ती. "ताई, पुढे इंग्रजी शाळा आहे, याच्याशी इंग्रजीच बोला," असं माझ्या पाळणाघरातले आईबाबा मला सांगतात. मी ऐकत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगवेगळे ऐकू येतात, पण वर्षाच्या आसपास बहुतेकांना तो फरक कळेनासा होतो. कानावर जे पडतं, तेच टिकतं. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, हेही खरं नाही.

आता अवघड टप्पा: नऊ महिने ते दीड वर्ष. कोथरूडमध्ये पाळणाघर सुरू केलं तेव्हा याच टप्प्याने मला दमवलं. मुलाला सगळं समजतं, ते बोटाने दाखवतं, पण शब्द फुटत नाही. मग घरचे धोशा लावतात: "म्हण पाणी. पा-णी. म्हटल्याशिवाय मिळणार नाही." हे आजपासून बंद करा. तहानलेल्या मुलापुढे भांडं अडवून धरलं की फक्त रडू येतं. या छळानंतर बोट दाखवणंसुद्धा सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलाची नजर कुठे आहे ते बघा. खिडकीतून पीएमपीची बस दिसली, त्याने बोट केलं, "ब" म्हटलं. झालं, ते बोललं. तुम्ही "हो, बस! बस आली," म्हणा आणि गप्प राहा. खरी कसोटी या गप्प राहण्याची आहे. मनात सावकाश पाच मोजा. मोठ्यांना तेवढाही धीर निघत नाही: "लाल आहे ना? कुठे चालली? बाबा जातात ना बसने?" आणि मुलाची पाळी हुकते. थांबलात तर पुष्कळदा काहीतरी येतं, एखादा हुंकार, पुन्हा बोट. तेही उत्तरच माना आणि त्यात एक शब्द घाला: "मोठी बस." एकच शब्द, जास्त नाही.

पुढे "ते वाटी" असं कानावर येईल. हसू नका, पुन्हा म्हणायला लावू नका. "हो, ती वाटी, तुझी वाटी," एवढं पुरे. तो-ती-ते ऐकून ऐकूनच बसतं. घरात चार माणसं असतील तर मुलाशी एका वेळी एकानेच बोलावं. आजी-आजोबांना हे सांगणं जड जातं, तरी सांगाच.

मोबाइल दोन वर्षांपर्यंत नको. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात अमेरिकन बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी उचलले. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच उचललं नाही.

मधात वेखंड उगाळून चाटवा, वाचा फुटते, हा सल्लाही मिळेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

आणि "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून वाट बघत बसू नका. १२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात नाहीसे झाले, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्या.