चकलीत फॅट फक्त ९ ग्रॅम? घरगुती पदार्थाचं पोषण लेबल करताना या चुका टाळा

दिवाळीच्या दीड महिना आधी माझा फोन वाजायला लागतो. "ताई, उद्या स्टिकर छापायला द्यायचेत, तेवढं न्यूट्रिशनचं टाकून द्या ना." मी ठाण्यात घरून फराळ विकते आणि ओळखीच्या बायकांची लेबलं छपाईआधी बघून देते. दर वर्षी तेच सांगते : हा तक्ता कोणी टाकून देऊ शकत नाही. तो मोजून काढावा लागतो, आणि मोजायचं असतं तुमच्याच ओट्यावर. चुकाही दर वर्षी त्याच येतात, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

आधी काय लिहावं लागतं ते सांगते. दर १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, ॲडेड शुगर (म्हणजे वरून घातलेली साखर), एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम. शिवाय एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचे किती टक्के मिळतात ते. हे टक्के काढायला एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांतले आकडे धरायचे : ऊर्जा २००० किलोकॅलरी, फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, ॲडेड शुगर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम.

कढईतलं तेल हिशेबात न धरणं

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. नौपाड्यातल्या एका दिवाळी प्रदर्शनात माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी भाजणीची चकली घेऊन बसली होती. चकली उत्तम, पाकीट देखणं. साठीचे एक काका आले, चष्मा वर करून लेबल वाचलं आणि म्हणाले, "फॅट नऊच ग्रॅम? मग मला चालेल. माझी अँजिओप्लास्टी झालीये, तळलेलं जपून खायला सांगितलंय." त्यांनी तीन पाकिटं पिशवीत टाकलीसुद्धा. मला राहवलं नाही. मी उठून त्यांना सांगितलं की काका, हा आकडा बरोबर नाही, पाकिटं परत ठेवा. त्या मुलीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण गप्प बसले असते तर जास्त वाईट वाटलं असतं.

तिने काय केलं होतं? मोबाइलमधल्या ॲपमध्ये कृती भरली : एक किलो भाजणी, शंभर ग्रॅम मोहन, मीठ, तिखट. तळणीचं तेल "कढईतच राहतं" म्हणून सोडून दिलं. तयार चकली भरली १४०० ग्रॅम, ॲपने त्याने भागलं आणि ९ आकडा दिला. आता बघा, त्या १४०० ग्रॅममध्ये चकलीने प्यालेलं तेल आहेच. म्हणजे वजनात तेल धरलं आणि फॅटमध्ये नाही.

त्याच आठवड्यात आम्ही माझ्याकडे एक किलो भाजणीची चकली परत केली. कढईत ओतायच्या आधी तेल काट्यावर मोजलं, १५०० ग्रॅम. तळून झाल्यावर ते पूर्ण गार केलं, गाळलं आणि पुन्हा मोजलं, ११५० ग्रॅम. गाळणीतला चुरा आणि टिपकागदाने शोषलेलं धरून २० ग्रॅम वजा केले. उरलेलं ३३० ग्रॅम तेल चकलीच्या पोटात. त्यात मोहनाचे १०० आणि भाजणीचे स्वतःचे साधारण ३० मिळवले की ४६० होतात. त्याला १४०० ने भागलं, तर १०० ग्रॅम चकलीत फॅट सुमारे ३३ ग्रॅम निघालं. ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगला १० ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या ६७ ग्रॅमपैकी १५ टक्के. जुन्या लेबलवर ४ टक्के होते.

तेल लिटरमध्ये मोजू नका. एक लिटर तेल ९१०-९२० ग्रॅमच्या आसपास भरतं. आणि पावशेर पिठावर हा प्रयोग करू नका, एवढ्याशा घाण्यात काट्याची छोटी चूकसुद्धा मोठी होते.

अशी चूक पकडायला मी एक बेरीज करते, तीही पेन-कागदावर. प्रथिनं, कर्बोदकं आणि फॅट यांची बेरीज करायची आणि १०० पर्यंत काय उरतं ते बघायचं. तिच्या लेबलवर ८, ५२ आणि ९ होते. बेरीज ६९, उरले ३१. कुरकुरीत चकलीत ओलावा, मीठ, तंतू सगळं मिळून ३१ ग्रॅम कुठून येणार? त्यातले २४ ग्रॅम तेलाचेच होते. ही बेरीज पाच मिनिटांची आहे. तेवढा वेळ नसेल तर मी लेबल बघत नाही, आणि हे मी तोंडावर सांगते.

कच्च्या वजनाने भागणं

याच्या उलटी चूक आटवलेल्या पदार्थांत होते. नारळाच्या वड्यांसाठी एक किलो ओलं खोबरं, एक किलो साखर आणि अर्धा किलो दूध घेतलं. बेरीज अडीच किलो, म्हणून १०० ग्रॅमला साखर ४० ग्रॅम असं लिहून मोकळं व्हायचं. पण पाणी आटून वड्या भरल्या १८०० ग्रॅम. साखर काही आटत नाही. म्हणजे खरी ॲडेड शुगर ५५ ग्रॅमच्या पुढे, आणि ३० ग्रॅमच्या एका वडीतच दिवसाच्या ५० ग्रॅमपैकी तिसरा हिस्सा. शेवटचं वजन वड्या पूर्ण गार झाल्यावरच घ्या. मी रात्री थापते आणि सकाळी मोजते. मुरांबा, हलवा, टोमॅटोची चटणी, सगळ्यांना हेच लागू.

किलोज्यूलला कॅलरी समजणं

कच्च्या मालाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 'भारतीय अन्न घटक तक्ते २०१७'मधून घ्या, मीही तेच वापरते. मात्र त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तांदळासमोर १४९१ दिसतं, त्याला ४.१८४ ने भागलं की ३५६ किलोकॅलरी येतात. एका बाईंनी १४९१ किलोकॅलरी म्हणून चक्क छापून आणलं होतं. निव्वळ तेलाच्या १०० ग्रॅममध्येसुद्धा ९०० किलोकॅलरीच असतात, त्याच्या वर कुठलाच पदार्थ जाऊ शकत नाही. प्रथिनं आणि कर्बोदकं गुणिले ४, फॅट गुणिले ९ करून बघा, आकडा तुमच्या ऊर्जेच्या जवळपास यायला हवा.

दुकानातल्या पाकिटावरचे आकडे उतरवून काढणाऱ्यांसाठी माझ्याकडे सहनशक्ती उरलेली नाही. ती चकली पामतेलातली असेल, तुमची शेंगदाणा तेलातली. पामतेलात सॅच्युरेटेड फॅट निम्म्याच्या आसपास असतं, शेंगदाणा तेलात जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे स्वतःच्या चांगल्या मालावर तुम्ही दुसऱ्याचा वाईट आकडा चिकटवताय.

गुळाचे लाडू आहेत म्हणून ॲडेड शुगर शून्य लिहू नका. गूळ आणि मध, दोन्ही ॲडेड शुगरमध्येच येतात. खजुराच्या लाडवात वरून काही घातलं नसेल, तरी एकूण साखरेचा रकाना खजूर भरणारच. 'शुगर फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. 'हाय फायबर'ला १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम तंतू लागतात. असा दावा करायचा असेल, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आधी हातात घ्या.

सोडियम म्हणजे मीठ नव्हे. एक ग्रॅम मिठात साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. पापडवाल्या मैत्रिणींनो, पापडखारातही सोडियम आहे, तो विसरू नका. शंकरपाळ्यात वनस्पती तूप घालत असाल, तर ट्रान्स फॅट डोळे मिटून शून्य लिहू नका, त्या तुपाच्या पाकिटावरचा आकडा बघा. घटकांच्या यादीत नुसतं 'खाद्यतेल' नको, कोणतं तेल ते लिहा. यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे. शेंगदाणे, दूध, गहू असे ॲलर्जी होऊ शकणारे घटक असतील तर 'कंटेन्स'मध्ये वेगळे सांगा, हा कुणाच्या तरी पोराच्या जिवाचा प्रश्न असतो. लेबल फक्त मराठीत करू नका. मलाही ते आवडलं असतं, पण नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतोच, मराठी सोबत घाला. नुसता गोडा मसाला विकणाऱ्यांना पोषण तक्ता लागत नाही, त्यांनी उगाच जीव टाकू नये.

वाटी-चमच्यावर लेबल होत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. मी प्रत्येक पदार्थ तीन वेळा करून तिन्हीची सरासरी धरते आणि वही कढईशेजारीच ठेवते. गेल्या वर्षी जांभळी नाक्यावर नेहमीचं तेल मिळालं नाही, दुसरं आणलं, तेव्हा सॅच्युरेटेड फॅटचा रकाना परत काढला. त्यामुळे स्टिकर एका वेळी दोनशेच छापते. हजार छापले की प्रत्येकी स्वस्त पडतात हे खरं आहे, पण मग चुकलेला आकडा संपेपर्यंत चिकटवत राहायचा मोह होतो.