नवी नोंद आली की रेंज आपोआप वाढेल, असं शीट कसं बांधायचं

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेचं एक्सेलमधलं फीचं शीट घ्या. पहिल्या ओळीत शीर्षकं: सीट, नाव, वेळ, फी. खाली ६० विद्यार्थी. महिन्याची जमा दुसऱ्या शीटवर, तिथं सूत्र: =सम(नोंद!डी२:डी६१). महिन्याच्या मध्यावर ६१ वा विद्यार्थी येतो, त्याचे १,२०० रुपये ६२ व्या ओळीत लिहिले जातात आणि जमेचा आकडा जागचा हलत नाही. एरर दिसत नाही, त्यामुळे चूक कळते ती थेट रोकड मोजताना. मधे कुठे ओळ घातली तर रेंज (सूत्रात दिलेला सेलांचा पट्टा) वाढते. शेवटच्या ओळीखाली लिहिलेलं मात्र बाहेर राहतं.

(सूत्रं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि अंक इंग्रजीतच घाला.)

यावर पहिला आणि बहुतेकांना पुरणारा उपाय म्हणजे यादीचं टेबल करणं, खाली नोंद लिहिली की ते आपोआप वाढतं. एक्सेल २००७ पासून ही सोय आहे. यादीतल्या कुठल्याही सेलवर जाऊन कंट्रोल-टी दाबा, शीर्षकं असल्याच्या चौकटीत खूण ठेवा, ओके करा. त्याआधी वर मर्ज करून लिहिलेलं अभ्यासिकेचं नाव काढा, किंवा ते आणि शीर्षकं यांच्यात एक ओळ रिकामी सोडा. नाहीतर एक्सेल त्यालाच शीर्षक समजतं. मग टेबल डिझाइनमध्ये टेबलाला नाव द्या, समजा ‘फीनोंद’. हे नाव रोमन अक्षरांत लिहा आणि त्यात स्पेस नको. आता जमेचं सूत्र =सम(फीनोंद[फी]) असं होईल. चौकटी कंस उघडला की कॉलमांची यादी येते, त्यातून ‘फी’ निवडून टॅब दाबा.

खाली लिहूनही टेबल वाढत नसेल, तर बहुधा कुणीतरी कधीतरी ‘आपोआप वाढवणं थांबवा’ हा पर्याय निवडलेला असतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेनं जा आणि ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’मध्ये नव्या ओळी टेबलात घेण्याची खूण परत करा. शीट प्रोटेक्ट केलेलं असेल तरी टेबल वाढत नाही. खाली बेरजेची टोटल रो लावली असेल, तर शेवटच्या नोंदीच्या शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबा, नवी ओळ मिळते.

वेळेसाठी ड्रॉपडाउन हवा असेल, तर डेटा व्हॅलिडेशनच्या सोर्समध्ये टेबलाचं नाव थेट चालत नाही. कंट्रोल-एफ३ दाबून नेम मॅनेजर उघडा, वेळांची यादी ज्या टेबलात आहे त्यातल्या कॉलमला वेगळं नाव द्या आणि सोर्समध्ये ते लिहा. पिव्होटला (नोंदींचा सारांश देणाऱ्या तक्त्याला) टेबल जोडलं तरी रिफ्रेश करावंच लागतं.

टेबल करता येत नसेल, तर नेम मॅनेजरमध्ये नवं नाव घेऊन, नोंदीच्या शीटवर असताना हे सूत्र द्या आणि जमेच्या सूत्रात रेंजच्या जागी तेच नाव लिहा:

=$डी$२:इंडेक्स($डी:$डी,काउंटए($बी:$बी))

इथे रेंज फीची आहे, पण मोजणी नावांच्या कॉलमची, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. फी थकली की फीचा सेल रिकामा राहतो. काउंटए फक्त भरलेले सेल मोजतं, म्हणून मोजणी फीवर ठेवली तर पाच थकबाकीदारांमागे रेंज पाच ओळींनी तोकडी पडेल आणि शेवटच्या पाच ओळींतली फी बेरजेतून गळेल. नाव प्रत्येक ओळीत असतंच. शीर्षकही मोजलं जातं, म्हणून ते पहिल्याच ओळीत हवं. नावांच्या कॉलममध्ये खाली ‘एकूण’ किंवा शेरा लिहू नका, तोही मोजला जाईल. रिकामं दिसणारं उत्तर देणारी सूत्रंसुद्धा काउंटए मोजतं.

याच कामासाठी ऑफसेट हे फंक्शन अजूनही सर्रास वापरतात. ते टाळलेलं बरं. फाइलमध्ये कुठेही काही बदललं की ऑफसेट नव्यानं हिशेब करतं. अशी शंभर सूत्रं झाली की मोठी फाइल जड होते. इंडेक्सचं तसं नाही.

गूगल शीट्समध्ये काम सोपं आहे: डी२:डी असं शेवट उघडा ठेवून लिहा. फक्त बेरीज त्याच डी कॉलममध्ये ठेवू नका, सूत्र स्वतःलाच मोजायला जातं आणि एरर देतं.

शेवटी तपासा. खाली १ रुपयाची खोटी नोंद घाला, जमा बरोबर १ ने वाढली पाहिजे. मग नुसतं डिलीट दाबून सेल पुसू नका, टेबलात रिकामी ओळ उरते. राइट क्लिक करून टेबलातली अख्खी ओळ काढा.